हौसेचं मोल कोण मोजतं?

'हौसेला मोल नसतं' ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याला स्वतःच्या पैशाने ब्रेक पॅड बदलावे लागत नसावेत. हौसेला मोल असतं आणि ते कुणाला तरी मोजावंच लागतं. ते हौस करणारा मोजतो, की त्या वेळी रस्त्यावरून आपल्या वाटेने चाललेलं कुणी तिसरंच माणूस, एवढाच काय तो प्रश्न. मला इथे जे म्हणायचं आहे, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरणारं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. पुण्यात इंजिनीअरिंग केलं आणि गेली काही वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. माझ्याकडे एक वापरलेली टोयोटा जीटी८६ आहे. तिच्यातून मी ऑफिसला जातो, किराणा आणतो, आणि वर्षातून साधारण चार वेळा तिला हॉकनहाइमसारख्या रेस ट्रॅकवर नेऊन, मला आणि तिला झेपेल तितक्या वेगाने पळवतो. याला ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं, आणि बहुतेक ठिकाणी लॅपचा वेळ मोजायलाही मनाई असते. पैसे भरायचे, सूचना ऐकायच्या, हेल्मेट घालायचं, ठरलेल्या वेळेत गाडी चालवायची आणि घरी यायचं.

यावर आक्षेप घेणारे तीन गट मला नेहमी भेटतात. पहिला घरच्यांचा, दुसरा मोटारींच्या दुनियेतल्या सोवळ्या मंडळींचा, तिसरा पर्यावरणाची काळजी करणाऱ्या मित्रांचा. चौथा गट आक्षेप घेत नाही, उलट पाठ थोपटतो. माझं खरं भांडण त्या चौथ्याशी आहे. पण आधीच्या तिघांना उत्तर दिल्याशिवाय ते नीट मांडता येणार नाही.

घरच्यांचा आक्षेप सरळ आहे. सुट्टीत सांगलीला गेलो की मामा विचारतो, "अरे, मागे पाय ठेवायला जागा नाही, मग त्या सीटा लावल्याच कशाला? ताईला बसवून दाखव बघू." मामाचं निरीक्षण अचूक आहे. जीटी८६ कागदावर चार सीटची आहे. मागच्या दोन सीटांवर आठ-दहा वर्षांचं मूल जेमतेम मावतं. माझ्या आईला तिथे बसवणं हा गुन्हा ठरेल. पण त्या सीटा पाडल्या की मागे सबंध चार चाकं मावतात. टोयोटाने गाडी आखतानाच हा हिशेब धरला होता. ट्रॅकचे वेगळे टायर मागे टाकायचे, जॅक आणि पाना घ्यायचा, तिथे जाऊन चाकं बदलायची, संध्याकाळी परत बदलायची आणि त्याच गाडीने घरी यायचं. २०१२मध्ये आलेली ही गाडी मुळात याच माणसासाठी बनली आहे: ज्याच्याकडे एकच गाडी ठेवायची ऐपत आहे, आणि जागाही.

"परवडतं म्हणून करतोस" हा त्याच आक्षेपाचा दुसरा भाग. हो, परवडतं म्हणून करतो. पण इथे वापरलेली जीटी८६ कोऱ्या साध्या गोल्फपेक्षा स्वस्तात मिळते. ज्या कुटुंबात लग्नाच्या एका संध्याकाळीसाठी हॉल, बँड आणि पाचशे ताटं सहज परवडतात, तिथे चार ट्रॅक डेंना 'उधळपट्टी' म्हटलं की मला हसू येतं. दोन्ही हौसाच आहेत. लग्नाच्या हौशीला आपण परंपरा म्हणतो, एवढाच फरक.

आता सोवळी मंडळी. यांच्या मते चार सीटची कूपे ही धड इकडची ना तिकडची. खरोखर ट्रॅकवर चालवायचं असेल तर केटरहॅम घ्या, लोटस घ्या. नाहीतर जुनी हॅचबॅक सोलून काढा, आतलं सगळं फेकून द्या, पोलादी पिंजरा बसवा आणि ट्रेलरवर घालून न्या. रोजची गाडी ट्रॅकवर नेणारा तो हौशा-गवशा.

तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहेत. हलकी, उघडी, दोन सीटची गाडी माझ्या गाडीला वळणावळणावर मागे टाकते. पण त्यांच्या हिशेबात परतीचा प्रवास नाही. ज्या गाडीने रविवारी संध्याकाळी शंभर किलोमीटर घरी यायचं आहे आणि सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचं आहे, ती गाडी माणूस शेवटच्या टोकापर्यंत ताणत नाही. दर वळणाला थोडी जागा हातची राखतो. ट्रेलरवर आणलेली गाडी मोडली तर ती ट्रेलरवरच परत जाते आणि मालकाचा आठवडा जसाच्या तसा सुरू राहतो. माझी मोडली तर माझं सगळं आयुष्यच रिक्षा शोधत उभं राहील, आणि इथे रिक्षा नाहीत. या गैरसोयीचा मला धाक वाटतो, आणि तो हवा आहे. माझ्या गाडीला नंबर प्लेट आहे, दर दोन वर्षांनी तिची सरकारी तपासणी होते, शेजाऱ्यांची झोप मोडू नये इतपत तिचा आवाज आहे. ती समाजात राहणारी गाडी आहे, आणि तिच्याबरोबर मलाही समाजात राहावं लागतं.

शिवाय कमी ताकदीचे फायदे असतात. दोन लिटरचं, आडव्या सिलिंडरांचं, सुबारूच्या घराण्यातलं इंजिन. ताकद २०० अश्वशक्ती. वजन साधारण साडेबाराशे किलो. टायर मुद्दाम अरुंद दिलेले, म्हणजे पकड कमी वेगालाच सुटायला लागते आणि सुटताना आधी सांगून सुटते. आजच्या ताकदवान चार सीटच्या कूपे, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू एम२, सतराशे किलोच्या घरात आहेत आणि ताकद माझ्या दुपटीहून जास्त. यातला फरक सरळ रस्त्यावर कळतो तसा ब्रेकवर जास्त कळतो.

हॉकनहाइमला पाराबोलिका नावाचा लांबलचक, हलकासा वाकलेला पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी अगदी चिमट्यासारखं वळण. समजा तिथे मी १८० किलोमीटरच्या वेगाने पोचलो आणि ७०वर आलो. चालकासकट गाडी १३०० किलो धरली, तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राप्रमाणे तेवढ्यात सुमारे १४ लाख ज्यूल ऊर्जा घालवावी लागते. थोडी हवा घेते, थोडी इंजिन घेतं, बाकी सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत चार लिटरहून जास्त पाणी नळाच्या थंडाव्यापासून उकळीला येईल. हे काही सेकंदांत, आणि दर फेरीला. पावणेदोन टनांच्या गाडीला त्याच जागी, त्याच वेगाला साडेपाच लिटरांचा हिशेब लागतो; आणि ती तिथे त्याच वेगाने पोचत नाही, आणखी जोरात पोचते.

ब्रेकमधलं तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो. ओल शोषल्यावर तोच १५५पर्यंत खाली आला तरी नियमात बसतो. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल निर्जीव होऊन फरशीला टेकतं. म्हणून हंगामाआधी तेल बदलायचं, दोन-तीन जोरकस फेऱ्यांनंतर एक फेरी हळू मारून ब्रेक थंड करायचे, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. चाकांचे नट १२० न्यूटन-मीटरला आवळायचे आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासायचे. गाडीतली पाण्याची बाटली, छत्री, पायाखालची मॅट, सगळं बाहेर काढायचं. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत. पण त्या हौशीची किंमत त्या कंटाळ्यातच मोजली जाते.

पर्यावरणवाल्या मित्रांशी माझं अर्धं जमतं. ट्रॅकवर माझी गाडी शंभर किलोमीटरला वीस लिटर पेट्रोल सहज पिते. दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तर तीस लिटर, म्हणजे सत्तरेक किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला चार दिवस म्हणजे तीनशे किलोच्या आसपास, शिवाय झिजलेल्या टायरांचा चुरा. हे शून्य नाही आणि 'एवढ्याने काय होतंय' असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की फ्रँकफर्टहून मुंबईला जाऊन-येऊन विमानात एका माणसाच्या वाट्याला टनभर तरी येतो, आणि ती तिकिटं आम्ही सगळेच काढतो. आक्षेप 'अनावश्यक' या शब्दावर असेल तर आपण दोघं एकत्र बसून सगळीच यादी करू. त्या यादीत माझं नाव असेलच, फक्त ते एकट्याचं नसेल. आणि म्हणूनच माझ्या लेखी 'अधूनमधून' हा शब्द महत्त्वाचा आहे. दर आठवड्याला ट्रॅकवर जाणारा माणूस मला समजत नाही. वर्षातून चार दिवस पुरतात.

आता चौथा गट. हे लोक माझ्या गाडीचा फोटो पाहून अंगठा दाखवतात आणि मग खाजगीत विचारतात, "भावा, ट्रॅकला पैसे कशाला घालवतोस? रात्री दोनला एक्सप्रेसवे मोकळाच असतो." हाच माणूस जर्मनीत आला की म्हणतो, "ऑटोबानला तर लिमिटच नाही!" आणि घाटात शनिवारी सकाळी मोबाइल डॅशबोर्डवर लावून रील काढणाराही हाच. वेगाची हौस त्याची आणि माझी एकच आहे, हे मी लपवत नाही. फक्त तो बिल दुसऱ्याच्या नावावर फाडतो.

ऑटोबानबद्दल आधी बोलू, कारण तो गैरसमज मराठी घरांत फार लाडका आहे. ऑटोबानच्या काही भागांवर वेगमर्यादा नाही, हे खरं. पण १९७८पासून १३० ही शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि ती ओलांडून अपघात झाला तर चूक तुमची नसतानाही जबाबदारीत तुमचा वाटा धरला जाऊ शकतो. तो रस्ता ट्रक, कारवान ओढणारी कुटुंबं आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांचाही आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये बर्लिनच्या मध्यवस्तीत, कुरफ्युर्स्टेनडाम या रस्त्यावर, दोन तरुणांनी रात्री शर्यत लावली. लाल सिग्नल तोडत ताशी १६०च्या पुढे गेले आणि आपल्या हिरव्या सिग्नलवर निघालेला एक ६९ वर्षांचा माणूस मेला. पुढच्याच वर्षी जर्मनीने दंडसंहितेत नवं कलम घातलं. आता इथे बेकायदा शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे, आणि एकट्याने, प्रतिस्पर्धी नसताना, गाडीचा जास्तीत जास्त वेग गाठायला बेदरकारपणे चालवणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शर्यतच. 'लिमिट नसलेल्या' देशाचा हा कायदा आहे.

न्युर्बुर्गरिंगचं वेडही मला याच खात्यात टाकावंसं वाटतं. नॉर्डश्लाइफे हा १९२७चा, आज २०.८ किलोमीटर लांबीचा रस्ता पैसे भरून कुणालाही खुला होतो, पण त्या वेळी तो कायद्याने ट्रॅक नसतो. एकेरी टोल रस्ता असतो आणि रहदारीचे नियम लागू असतात. पहिल्यांदा आलेला पर्यटक, मोटारसायकलवाला आणि दरवर्षी पन्नास फेऱ्या मारणारा, सगळे एकाच वेळी, कडेला लगेच लोखंडी कठडे. तरी एक गोष्ट त्या जागेची मला आवडते: कठडा वाकवलात तर दुरुस्तीचं बिल तुमच्या हातात पडतं.

आपल्याकडे ते पडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. पोलिसी नोंदीतल्या 'अतिवेग' या रकान्यात बरंच काही ढकललं जातं, हे मान्य. वाईट रस्ते, वाईट वळणं, नसलेले दिवे, सगळं त्यात बुडतं. तरी निम्मं सोडून दिलं तरी उरलेला आकडा भयानक आहे. मे २०२४मध्ये पुण्यात, कल्याणीनगरला, मध्यरात्रीनंतर एका भरधाव पोर्शेने दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांचा जीव घेतला. ते दोघे आयटीतले तरुण इंजिनीअर होते, माझ्याच पिढीचे आणि माझ्याच धंद्यातले. त्यानंतर आपण सगळे दारूबद्दल, वयाबद्दल, निबंधाबद्दल, श्रीमंत बापांबद्दल बोललो. ते बोलायलाच हवं होतं. पण ज्यांच्याकडे दारू नाही, वय आहे आणि लायसन्सही आहे, अशी हजारो मुलं त्या आठवड्यातही ताम्हिणीत काटा किती चढतो ते बघत होती, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही.

माझ्याच गाडीच्या भक्तांनाही इथे दोन शब्द. ८६ या आकड्याभोवतीची सगळी भक्ती 'इनिशियल डी' या जपानी कॉमिकमधून आली आहे. टोफू पोचवणारा पोरगा वडिलांच्या जुन्या टोयोटातून रात्री डोंगरातल्या सार्वजनिक रस्त्यावर भल्याभल्या गाड्यांना हरवतो. कथा झकास आहे, मी सगळी वाचली आहे. पण त्या कथेत समोरून दूधवाल्याचा टेम्पो कधी येत नाही, कारण लेखकाला तो नको आहे. ताम्हिणीत तो येतो. त्यात दोन माणसं पुढे बसलेली असतात आणि एक मागे.

याला उत्तर म्हणून 'ट्रॅकवर जा म्हणजे रस्त्यावर सुरक्षित चालवाल' असं मी म्हणणार नाही. काही आयोजक तसं विकतात, ते मला पटत नाही. हात सफाईदार झाला की डोकं फाजील होण्याचा धोका असतोच. ट्रॅक डे हे प्रशिक्षण नव्हे, ती हौस आहे, आणि हौस म्हणूनच तिचं समर्थन व्हायला हवं. तिथे समोरून कुणी येत नाही. झेंडे घेतलेले मार्शल असतात. पिवळा दिसला की हळू व्हायचं, लाल दिसला की फेरी सोडून पिटमध्ये यायचं. ठरलेल्या बाजूनेच ओलांडायचं. वळणाबाहेर खडीची मोकळी जागा असते. आणि ती जागा आपोआप आलेली नाही. १९६८मध्ये याच हॉकनहाइमला जिम क्लार्क झाडांत घुसून गेला, त्यानंतर तिथे कठडे आणि वेग तोडणारी वळणं आली. ट्रॅकने आपल्या मेलेल्यांकडून काहीतरी शिकून घेतलं. तिथे मी सही करतो त्या कागदावर लिहिलेलं असतं की सगळं नुकसान माझं. माझी विमा पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान देत नाही. बहुतेकांची देत नाही. चुकलो तर माझी गाडी, माझे पैसे, माझं हाड.

म्हणून माझी मागणी उपदेशाची नाही, जागेची आहे. भारतात ट्रॅक म्हटलं की वर्षानुवर्षं तीन नावं घेतली जातात: चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई, कोइंबतूरचं कारी आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. यातलं एकही महाराष्ट्रात नाही. चाकण-पिंपरी पट्ट्यात देशाच्या मोटारी बनतात आणि त्या पळवायला पोरांनी हजार किलोमीटर दूर जावं, नाहीतर घाटात जावं, ही काय व्यवस्था झाली? चेन्नईत आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरत. मग हौशी लोकांच्या क्लबने स्वतःचा ट्रॅक उभारला. तिथे सुरुवात हौशी माणसांनीच केली, सरकारने नव्हे. आपल्याकडे क्लब आहेत, पण ते रविवारी लोणावळ्याला भजी खायला ताफा काढतात. त्यातले चार रविवार आणि भज्यांचे पैसे एका लहानशा, दीड-दोन किलोमीटरच्या ट्रॅकसाठी जमवायला काय हरकत आहे? त्यावर कूपेच पाहिजे असंही नाही. मामाची स्विफ्टसुद्धा तिथे घाम फोडेल, आणि तिच्यात ताई मागे बसू शकते. ट्रॅकवर नव्हे, घरी जाताना.

तोवर एक साधी सवय लावून घेऊ. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला मोबाइलवर दोनशेचा काटा दाखवला, तर 'भारी' म्हणू नका. कुठे, असं विचारा. ट्रॅकवर, म्हणाला तर टायर कितीला पडले ते विचारा, तो आनंदाने अर्धा तास सांगेल. एक्सप्रेसवेवर, म्हणाला तर त्या वेळी डाव्या लेनमध्ये कोण होतं ते विचारा. त्याला ते आठवत नसेल.